फोन डोळ्यांवर की हातात? स्मार्टफोनवरच्या व्हीआरचं प्रकरण, २०१४ ते २०१९

ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलने पिक्सेल ४ हा फोन जाहीर केला आणि त्याच वेळी सांगून टाकलं की या फोनवर डेड्रीम ही त्यांची व्हीआर (आभासी वास्तव) प्रणाली चालणार नाही, आणि डेड्रीम व्ह्यू हा हेडसेटही यापुढे विकला जाणार नाही. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी सॅमसंगचा गॅलेक्सी नोट १० आला होता. तोही सॅमसंगच्या गिअर व्हीआर या हेडसेटमध्ये चालत नव्हता. फोन हेडसेटमध्ये बसवायचा, हेडसेट डोळ्यांवर चढवायचा आणि आभासी जगात शिरायचं, ही कल्पना ज्या दोन कंपन्यांनी इतकी वर्षं नेटाने पुढे रेटली, त्या दोघींनी पाठोपाठ तिच्यातून अंग काढून घेतलं.

याच काळात, याच फोनवर, दुसरी एक गोष्ट रुळत होती: कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या दृश्यात काहीतरी आणून ठेवणारी एआर अ‍ॅप्स. खोलीत सोफा ठेवून बघणं, टेबलाची लांबी मोजणं, चेहऱ्यावर कान लावणं, परक्या भाषेतली पाटी आपल्या भाषेत वाचणं. फोन तोच, प्रोसेसर तोच, सेन्सरही बरेचसे तेच. मग एक वाट बंद का पडली आणि दुसरी चालू का राहिली?

"चित्र चांगलं नव्हतं, डोकं गरगरायचं, म्हणून लोकांनी सोडलं" असं उत्तर सर्रास दिलं जातं. ते खोटं नाही, पण त्याने प्रकरण उलगडत नाही. माझ्या मते इथे दोन वेगळी कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. बाजारात उत्पादनं ज्या क्रमाने आली, त्या क्रमामुळेच ती सुटी करून पाहता येतात. फोनसाठी अ‍ॅप बनवणाऱ्याने हा क्रम एकदा नीट पाहावा असं मला मनापासून वाटतं, कारण खूप हुशार माणसांनी खूप कष्ट घेतलेलं हे काम होतं आणि त्यातून शिकण्यासारखं अजून पुष्कळ शिल्लक आहे.

पुठ्ठ्याचा खोका

जून २०१४ मध्ये गूगलच्या आय/ओ परिषदेला आलेल्या लोकांच्या हातात घडी केलेला पुठ्ठा पडला. त्याचं नाव कार्डबोर्ड. पॅरिसमधल्या गूगल कल्चरल इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या डेव्हिड कोझ आणि डॅमियन हेन्री या दोन अभियंत्यांची ही कल्पना. गूगलमध्ये कामाच्या वेळेचा पाचवा हिस्सा स्वतःच्या कल्पनेसाठी वापरण्याची जी मुभा होती, तिच्यातून ती उभी राहिली. पुठ्ठा, दोन भिंगं, एक चुंबक, थोडं वेल्क्रो. बाकी लागणारं सगळं फोनमध्ये आधीच होतं.

या खोक्यातली हुशारी जवळून पाहण्यासारखी आहे. बाजूला एक चुंबकाची चकती होती. ती खाली ओढली की फोनमधल्या होकायंत्राच्या सेन्सरला चुंबकीय क्षेत्रातला बदल जाणवायचा आणि अ‍ॅप तेच बटण दाबल्याची खूण समजायचं. वायर नाही, ब्लूटूथ नाही, तरी बटण तयार! अडचण अशी की हा सेन्सर प्रत्येक फोनमध्ये वेगळ्या जागी असतो आणि काही फोनमध्ये तो नसतोच. म्हणून २०१५ च्या आवृत्तीत चुंबक गेला. त्याच्या जागी एक कळ आली, जी दाबली की वीज वाहून नेणारा तिचा तुकडा स्क्रीनला टेकतो. फोनला ते बोटच वाटतं, त्यामुळे सगळ्या टचस्क्रीनवर चालतं.

दुसरी हुशारी क्यूआर कोडमध्ये होती. भिंगातून पाहिलं की सरळ रेषा आतल्या बाजूला वाकतात. म्हणून अ‍ॅप आधीच चित्र उलट दिशेने, बाहेर फुगवून दाखवतं. दोन्ही वाकडेपणा एकमेकांना काटतात आणि डोळ्याला रेषा सरळ दिसते. किती फुगवायचं हे भिंगावर, दोन भिंगांमधल्या अंतरावर आणि स्क्रीन भिंगापासून किती लांब आहे त्यावर ठरतं, आणि हे आकडे खोक्यावरच्या क्यूआर कोडमध्ये भरलेले असत. कोड स्कॅन केलाच नाही आणि दुसऱ्याच खोक्याचे आकडे लागू राहिले तर दाराच्या चौकटी वाकतात, दोन डोळ्यांची चित्रं एकमेकांवर बसत नाहीत आणि थोड्याच वेळात डोळे ओढल्यासारखे होतात. कितीतरी लोकांचं व्हीआरबद्दलचं पहिलं मत न स्कॅन केलेल्या एका कोडने बिघडवलं असणार, अशी माझी खात्री आहे. कारण ती पायरी टाळता येत होती, आणि टाळता येणारी पायरी लोक टाळतातच.

तिसरी गोष्ट म्हणजे पट्टा. मूळ कार्डबोर्डला डोक्याभोवती बांधायचा पट्टा नव्हता, आणि खोका बनवणाऱ्या इतरांनीही तो देऊ नये असंच गूगलचं म्हणणं होतं. खोका हाताने चेहऱ्याशी धरला की नुसती मान झटकन वळत नाही, हातांसकट सगळं धड वळवावं लागतं. वळण्याचा वेग आपोआप कमी होतो आणि चित्र मागे पडतंय हे कमी जाणवतं. हात भरून आले की माणूस खोका खाली ठेवतो, म्हणजे सत्रही छोटं राहतं. कार्डबोर्ड काय करू शकत नाही हे त्याच्या निर्मात्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांनी त्या हद्दीत राहूनच ते घडवलं होतं. मला या संपूर्ण प्रकरणातलं सर्वांत प्रामाणिक उत्पादन तेच वाटतं.

नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापील अंकाच्या वर्गणीदारांना दहा लाखांहून जास्त कार्डबोर्ड पाठवले. गूगलने जानेवारी २०१६ मध्ये ५० लाख आणि २०१७ च्या सुरुवातीला १ कोटी खोके लोकांपर्यंत पोहोचल्याचं सांगितलं. पहिली गफलत इथेच झाली. हे आकडे खोक्यांचे होते. दुसऱ्या आठवड्यात किती जणांनी तो खोका पुन्हा उचलला, याबद्दल ते काहीच बोलत नव्हते. एकदा डोळ्यांना लावून थक्क होणं ही एक गोष्ट आणि आपण होऊन पुन्हापुन्हा त्याच्याकडे वळणं ही निराळी. कार्डबोर्ड पहिल्या गोष्टीसाठी बनलं होतं. मोठा आकडा पाहून बाजाराने दुसरी गोष्टही घडणारच असं गृहीत धरलं.

यंत्र सुधारत गेलं, पण किती?

सॅमसंगने सप्टेंबर २०१४ मध्ये ऑक्युलस या व्हीआर हेडसेट बनवणाऱ्या कंपनीच्या साथीने गिअर व्हीआर जाहीर केलं. त्याच वर्षी मार्चमध्ये फेसबुकने ऑक्युलस विकत घेत असल्याची घोषणा केली होती, आणि गिअर व्हीआरच्या सॉफ्टवेअरमागे ऑक्युलसचे तंत्रप्रमुख जॉन कारमॅक यांचं डोकं होतं. फोनमधला सेन्सर पुरेसा चपळ नाही हे ओळखून त्यांनी हेडसेटमध्येच स्वतंत्र सेन्सर बसवला. डोक्याचं वळण तो सेकंदाला १००० वेळा मोजायचा.

डोकं वळल्यापासून त्याप्रमाणे बदललेलं चित्र डोळ्यापर्यंत यायला २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, हा व्हीआरमधला ठरलेला निकष. त्याहून उशीर झाला की आभासी खोली डोक्यामागून घसरत आल्यासारखी वाटते. आतला कान एक सांगतो, डोळे दुसरं सांगतात, आणि मळमळायला लागतं. फोनच्या प्रोसेसरला एवढ्या वेळात दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं काढणं जड जातं. त्यावरची युक्ती सुंदर होती. चित्र काढून झालं तरी ते लगेच पाठवायचं नाही. स्क्रीनवर जाण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी, डोकं आता नेमकं कुठे वळलंय हे सेन्सरला पुन्हा विचारायचं आणि तयार चित्रच तेवढं सरकवायचं. नवं चित्र काढण्यापेक्षा जुनं सरकवणं कितीतरी स्वस्त, आणि डोळ्याला फसगत कळत नाही.

मे २०१६ मध्ये गूगलने डेड्रीम जाहीर केलं, आणि नोव्हेंबरमध्ये त्याचा कापडी हेडसेट आला. फोन आत ठेवला की एनएफसीने (अगदी जवळ आल्यावर चालणाऱ्या बिनतारी खुणेने) त्याला कळायचं आणि व्हीआर आपोआप सुरू व्हायचं. हातात धरायला छोटा कंट्रोलर होता. अँड्रॉइड ७ मध्ये व्हीआरसाठी खास सोयी घातल्या गेल्या. त्यातली एक अशी की प्रोसेसरने सुरुवातीला जोर मारून मग तापून मंदावण्यापेक्षा झेपेल तोच वेग सतत राखावा. २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर हेडसेटच्या पुढच्या झाकणातच उष्णता बाहेर काढणारा धातूचा भाग बसवला. फोन आपली उष्णता पाठीतून हवेत किंवा हातात सोडतो. इथे तो कापडात गुंडाळलेला, स्क्रीन अखंड चालू, ग्राफिक्सचा भाग थांबायचं नाव घेत नाही. धातूचा तो तुकडा म्हणजे फोनला त्याच्या मूळ स्वभावाविरुद्ध राबवल्याची किंमत होती.

चित्राचं गणितही सोपं आहे. गॅलेक्सी नोट ४ ची स्क्रीन २५६० बाय १४४० पिक्सेलची, त्या काळातली उत्तम. ती दोन डोळ्यांत वाटली की आडव्या दिशेने प्रत्येकाला १२८०. दृश्याचा विस्तार सुमारे ९६ अंश. म्हणजे एका अंशात जेमतेम १३ पिक्सेल. निरोगी डोळा एका अंशात साधारण ६० पिक्सेल वेगळे ओळखू शकतो. हातात धरल्यावर ज्या स्क्रीनवर पिक्सेल शोधून सापडत नाही, तीच भिंगामागे गेल्यावर जाळीतून बघितल्यासारखी दिसते ती यामुळे.

तरीही धूसर चित्र माणूस चालवून घेतो. चालवून न घेण्यासारखी गोष्ट वेगळी होती, आणि कार्डबोर्ड, गिअर व्हीआर, डेड्रीम व्ह्यू या तिघांत ती जशीच्या तशी राहिली. डोकं कुठे *वळलं* हे यंत्राला कळायचं, डोकं कुठे *सरकलं* हे कळायचं नाही. समोर आभासी टेबलावर काहीतरी ठेवलंय. नीट बघायला तुम्ही पुढे झुकता, आणि टेबल तेवढंच मागे जातं. खाली वाकून टेबलाखाली डोकवायला जाता, तर सगळी खोली तुमच्याबरोबर खाली येते. शरीराने केलेल्या अगदी स्वाभाविक हालचालीला जग उत्तर देत नाही. मळमळीचं मोठं कारण हे होतं, आणि "आपण इथे आहोत" ही भावना मोडण्याचं तर सर्वांत मोठं.

फोनमध्ये प्रवेगमापक असतो, मग त्यावरून अंतर का काढत नाहीत, असा प्रश्न कुणालाही पडेल. प्रवेगावरून अंतर काढायला दोनदा बेरीज करत जावी लागते. मूळ मापात अगदी किंचित चूक असली तरी अंतरातली चूक वेळेच्या वर्गाच्या पटीत वाढते. काही सेकंदांत यंत्राला वाटतं की तुम्ही खोलीबाहेर गेलात. नुसत्या सेन्सरने हा प्रश्न सुटत नाही. त्याला डोळा लागतो, म्हणजे कॅमेरा.

फोन काढून घेतल्यावर

दुसरं कारण तंत्राचं नाही, सवयीचं आहे. गिअर व्हीआर वापरायचं ठरवल्यावर काय काय करावं लागे ते क्रमाने पाहा. फोनचं कव्हर काढा. स्क्रीनवरचे बोटांचे डाग पुसा, कारण भिंगातून ते ढगाएवढे दिसतात. चार्जिंगच्या जागेत हेडसेटची पिन बसवा, दुसरी बाजू दाबून अडकवा. हेडसेट चढवा, पट्टे सैल-घट्ट करा, चष्मा असेल तर तो सांभाळा. फोकसचं चाक फिरवा. चेहऱ्याच्या उष्णतेने भिंगांवर वाफ धरते, ती जाईपर्यंत थांबा. एवढं झाल्यावर आत जाऊन काय बघायचं ते शोधा. मध्येच मेसेज आला तर त्याची सूचना दिसते, पण उत्तर द्यायचं तर सगळं उलट क्रमाने उतरवा. आणि बाहेर आल्यावर हातात येतो तो तापलेला, बॅटरी उतरलेला फोन, ज्यावर अजून अख्खा दिवस काढायचाय.

डेड्रीम बंद करताना गूगलने स्वतः हेच कारण पुढे केलं: फोन हेडसेटमध्ये ठेवायला लावून दिवसभर लागणाऱ्या अ‍ॅप्सपासून माणसाला तोडलं की वापरात प्रचंड अडथळा येतो.

कारण पटण्यासारखं आहे. पण कंपनीने आपलं उत्पादन बंद करताना दिलेलं कारण तपासल्याशिवाय स्वीकारू नये. माणसं अडथळे सोसतात. पोहायला जाणारा कपडे बदलतो, ओला होतो, केस वाळवतो आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो, कारण पाण्यात उतरल्यावर जे मिळतं ते त्या मोलाचं असतं. म्हणून प्रश्न दोन आहेत: अडथळा किती होता, आणि तो ओलांडल्यावर मिळणारं त्या लायकीचं होतं का?

दोन कारणं वेगळी करणारा हेडसेट

इथे या प्रकरणातला सर्वांत उपयोगी पुरावा येतो. मे २०१८ मध्ये ऑक्युलस गो विक्रीला आला. आत फोनचाच प्रोसेसर, स्नॅपड्रॅगन ८२१. स्क्रीन पुन्हा २५६० बाय १४४०. डोक्याचं वळण कळणार, सरकणं कळणार नाही, हेही तसंच. अ‍ॅप्स बहुतांशी गिअर व्हीआरचीच. म्हणजे आतलं जग जवळजवळ तेच. मुख्य फरक एकच: यात फोन घालावा लागत नव्हता. उचला, चढवा, सुरू.

सप्टेंबर २०१९ मध्ये ऑक्युलसच्या वार्षिक परिषदेत कारमॅक यांनी गिअर व्हीआरला जाहीर निरोप देणारं भाषण केलं. गिअर व्हीआरकडे लोक परत येण्याचं प्रमाण फारच कमी होतं आणि गोकडे परत येणारे त्या मानाने कितीतरी जास्त, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. आतलं जग तेच असताना हा फरक पडतो, म्हणजे फोन काढून घेणं हे केवळ बंद करण्याचं निमित्त नव्हतं, ते खरोखरचं कारण होतं.

एक अट मात्र लक्षात ठेवायला हवी. गिअर व्हीआर पुष्कळांकडे फोनबरोबर फुकट आलं होतं. २०१६ मध्ये गॅलेक्सी एस ७ आगाऊ नोंदवणाऱ्यांना सॅमसंगने ते भेट दिलं होतं. गो मात्र लोकांनी स्वतः ठरवून विकत घेतला. ठरवून घेतलेल्या वस्तूकडे माणूस जास्त वेळा वळणारच. त्यामुळे दोघांमधला सगळा फरक फोनच्या खात्यावर टाकता येत नाही. तरी त्यातला बराचसा टाकावा लागतो, असं माझं मत आहे.

पुढे काय झालं ते दुसऱ्या कारणाबद्दल बोलतं. मे २०१९ मध्ये ऑक्युलस क्वेस्ट आला. त्यातही फोनच्याच जातीचा प्रोसेसर होता, पण बाहेरच्या बाजूने चार कॅमेरे होते आणि त्यांच्या जोरावर डोकं सरकलेलं कळत होतं. पुढे झुकलात की टेबल जवळ येणार. वर्षभरातच, जून २०२० मध्ये, कंपनीने गोची विक्री थांबवत असल्याचं सांगितलं आणि यापुढे फक्त वळण ओळखणारे हेडसेट बनवणार नाही असंही सांगितलं. फोनचा अडथळा दूर झाला तरी न सरकणारं जग टिकलं नाही. दोन्ही कारणं खरी होती, आणि एक काढलं तरी दुसरं पुरेसं होतं.

कॅमेरा झाकणामागे राहिला

आता एआरकडे वळू, कारण डोकं किंवा फोन सरकलेला ओळखण्याचा प्रश्न फोनवर तिथेच सुटला.

गूगलने २०१४ मध्ये टँगो नावाचा प्रकल्प दाखवला. फोनला जागेची जाणीव द्यायची, त्यासाठी रुंद दृश्याचा खास कॅमेरा आणि समोरचं किती लांब आहे ते मोजणारा सेन्सर. २०१६ मध्ये लेनोव्हो फॅब २ प्रो आणि २०१७ मध्ये असूस झेनफोन एआर हे फोन त्यावर आले. तंत्र छान होतं, पण ते अनुभवायला तोच खास फोन घ्यावा लागे. मग जून २०१७ मध्ये अ‍ॅपलने एआरकिट हे एआर अ‍ॅप बनवण्याचं साधन जाहीर केलं. सप्टेंबरमध्ये आयओएस ११ आलं आणि आयफोन ६एस पासूनच्या सगळ्या फोनवर, नेहमीच्या एका कॅमेऱ्यावर, फोन खोलीत कुठे आहे हे कळू लागलं. गूगलने ऑगस्टमध्ये त्याच धर्तीचं एआरकोअर दाखवलं आणि मार्च २०१८ मध्ये टँगो बंद केलं. जादा यंत्र मागणारी वाट एआरमध्येही बंदच पडली. लोकांच्या हातात आधीच असलेल्या फोनवर जे चाललं, ते पसरलं.

हे चालतं कसं? कॅमेरा दृश्यातले ठळक ठिपके पकडतो: टेबलाचा कोपरा, गालिच्याची नक्षी, पुस्तकाची कड. फोन हलला की हे ठिपके चित्रात किती सरकले ते बघतो. सेन्सर दोन चित्रांमधल्या क्षणांची हालचाल सांगतो आणि खरं माप किती तेही त्यातूनच ठरतं, तर कॅमेरा सेन्सरची साचत जाणारी चूक पुसत राहतो. एकट्याला जे जमत नव्हतं ते दोघांनी मिळून जमवलं.

म्हणजे फोनवरच्या व्हीआरचा सर्वांत मोठा दोष घालवणारं तंत्र २०१७ मध्ये फोनवर आलं होतं. पण डेड्रीम व्ह्यूमध्ये फोनची पाठ कापडी झाकणाखाली जात होती, म्हणजे कॅमेरा झाकलेला. तो उघडा ठेवला असता तरी दोन डोळ्यांची चित्रं, सततची स्क्रीन आणि वर कॅमेऱ्याची ही सगळी आकडेमोड, एवढी उष्णता बंद हेडसेटमधल्या फोनला सोसली नसती. गूगलने हे तंत्र व्हीआरमध्ये आणलं तेव्हा ते २०१८ च्या लेनोव्हो मिराज सोलो या हेडसेटमध्ये, आणि त्यात फोन घालायचाच नव्हता. शरीराच्या हालचालीला उत्तर देणारी व्हीआर हवी तर यंत्र वेगळं लागतं, आणि यंत्र वेगळं झालं की फोनचं कामच उरत नाही. फोनच्या व्हीआरला बाहेर पडायला दार नव्हतं असं मी म्हणतो ते यामुळे.

एआर टिकलं, पण सगळं नाही

यावरून एआरचा विजय झाला असा अर्थ काढणं घाईचं ठरेल. जुलै २०१६ मध्ये आलेल्या पोकेमॉन गोला सगळ्यांनी एआरचं यश म्हटलं. प्रत्यक्षात खेळाचा जीव नकाशात आणि चालण्यात होता. कॅमेऱ्यात प्राणी दाखवणारी सोय बंद करता येत होती आणि पुष्कळ खेळाडू ती बंदच ठेवत, कारण बॅटरी वाचायची आणि पकडणं सोपं जायचं. तासन् तास फोन डोळ्यांसमोर धरून ठेवायला लावणारी अ‍ॅप्स इथेही मागे पडली. हात भरून येतो, हे त्याचं साधं कारण.

टिकलेल्या गोष्टी बघा. चेहऱ्यावरचे फिल्टर: स्नॅपचॅटने ते २०१५ मध्ये आणले. त्यांना खोली समजून घ्यावी लागत नाही, चेहरा दिसला की काम सुरू. मोजपट्टीचं अ‍ॅप, पाटी वाचून देणारं भाषांतर, घरात सामान ठेवून बघणं, गूगल मॅप्समधले रस्त्यावरचे बाण. हे बाण दाखवणारी सोय २०१९ मध्ये सर्वांपर्यंत पोहोचली, आणि तिच्यातला एक बारकावा मला फार आवडतो: फोन खाली केला की ती आपोआप साध्या नकाशावर येते. दिशा कळली, आता फोन खाली घे आणि चाल. वापरणाऱ्याला आपल्यात अडकवून न ठेवणारं अ‍ॅप किती विचारपूर्वक बनवलेलं असतं, याचा हा उत्तम नमुना आहे.

सामान ठेवून बघणाऱ्या अ‍ॅपची मात्र पहिली काही सेकंदं अवघड असतात. अ‍ॅप उघडलं, कॅमेरा सुरू झाला, "जमीन शोधत आहे" असं काहीतरी आलं. माणूस जागच्या जागी उभा राहून फोन डावीकडे-उजवीकडे *फिरवतो*. काहीच होत नाही. कारण अंतर कळायला फोनची जागा बदलायला हवी; नुसतं फिरवल्याने जवळचे आणि लांबचे ठिपके सारखेच सरकतात आणि कोणता जवळचा ते ठरवता येत नाही. फोन हातभर बाजूला *सरकवला* की लगेच जमीन सापडते. पण हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यात समोर कोरी पांढरी भिंत किंवा चकचकीत फरशी असेल तर पकडायला ठिपकेच नाहीत. माणूस थोडा वेळ वाट बघतो आणि अ‍ॅप बंद करतो. अ‍ॅपलने २०१९ मध्ये फोन कसा हलवायचा ते दाखवणारी तयार सूचना एआरकिटमध्येच दिली. त्याआधी प्रत्येक अ‍ॅप आपापल्या परीने ते सांगत होतं किंवा सांगतच नव्हतं.

वर्गातला अपवाद

कार्डबोर्ड जिथे मनापासून वापरलं गेलं अशी एक जागा होती: शाळा. गूगल एक्स्पिडिशन्स या आभासी सहलींच्या अ‍ॅपमध्ये शिक्षकाच्या हातात टॅबलेट आणि मुलांच्या हातात खोके असत. शिक्षक सहल निवडणार, कुठे बघायचं ते खुणेने दाखवणार, कोण कुठे बघतंय ते त्यांना टॅबलेटवर दिसणार. मधेच थांबवून बोलताही येई. फोन मुलांचे स्वतःचे नसत, म्हणून "माझा फोन अडकला" हा प्रश्न नव्हता. खोका कसा धरायचा ते सांगणारं माणूस समोर होतं. सत्र काही मिनिटांचं होतं. आणि एका जागी उभं राहून सभोवार बघायचं असल्याने पुढे झुकण्याची गरज क्वचितच पडे. या एका ठिकाणी दोन्ही कारणं जवळजवळ लागूच होत नव्हती, आणि तिथे साधा पुठ्ठा पुरला.

जून २०२१ च्या शेवटी गूगलने एक्स्पिडिशन्स बंद केलं आणि बऱ्याच सहली आर्ट्स अँड कल्चर अ‍ॅपमध्ये हलवल्या. सहली वाचल्या, पण शिक्षकाने सगळ्या वर्गाला बरोबर घेऊन जाण्याची रचना गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये गूगलने आपल्या दुकानातून कार्डबोर्डची विक्रीही थांबवली होती. मला या प्रकरणातलं खरं नुकसान हे वाटतं. जे ठिकाण या तंत्राच्या मर्यादांना नेमकं जुळत होतं, तेही बाकीच्यांबरोबर आवरलं गेलं.

आज फोनवर असं काही बनवायचं असेल तर

कार्डबोर्डचं सॉफ्टवेअर गूगलने नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं, त्यामुळे ते कुणालाही वापरता येतं. ब्राउझरमध्ये वेबएक्सआर आहे, म्हणजे वेबपानातूनच व्हीआर-एआर दाखवण्याची सोय. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये व्हीआर आणि एआर दोन्ही अ‍ॅप न उतरवता चालतात, म्हणजे पहिली पायरीच गळते. संग्रहालय, वर्ग, घर घेण्याआधी आतून बघणं अशा ठिकाणी, जिथे माणूस एका जागी उभा राहून काही मिनिटंच बघणार आहे, तिथे फोनवरची व्हीआर अजूनही योग्य आहे. ज्यात झुकायचं, चालायचं, उचलायचं आहे ते फोनवर व्हीआर म्हणून करू नये. तेच एआर म्हणून जमतं का ते आधी तपासावं.

आणि मोजायचंच असेल तर अ‍ॅप किती जणांनी उतरवलं हा आकडा बाजूला ठेवावा. अ‍ॅप उघडल्यापासून पहिली वस्तू जागेवर स्थिर दिसेपर्यंत किती सेकंद गेले, त्याआधीच किती जणांनी अ‍ॅप बंद केलं, आणि पहिल्या आठवड्यानंतर आपण होऊन किती जण परत आले, हे तीन आकडे पहिल्या दिवसापासून नोंदवायला हवेत.